आरोहीच्या डब्यातले कुटके

आमच्या शाळेत डब्यात ताजी पोळी-भाजीच लागते. दुसरीचे डबे मी तपासते.

आज आरोहीच्या डब्यात रात्रीच्या पोळीचे कुटके निघाले, कांद्याची फोडणी दिलेले. मी तिच्या डायरीत लाल पेनानं लिहिलं, ‘मुलीला ताजा डबा द्यावा.’ “आईची सकाळची शिफ्ट हाय,” ती म्हणाली आणि न खाताच डबा बंद केला.

नंतर ती वह्या घेऊन स्टाफरूममध्ये आली, तेव्हा मी जेवत होते. माझ्याही डब्यात कुटकेच. सकाळी करमाडहून बस गाठायची म्हणजे दुसरं काय होणार. मी झाकण ओढलं, पण तिनं पाहिलं होतं.

“बाई, तुमच्या आईची पण सकाळची शिफ्ट हाय का?” तिनं काळजीनं विचारलं.

एव्हाना तिच्या आईनं डायरी वाचली असेल. उद्या त्या ओळीखाली मी काय लिहू, सांगा.