पट्टीबाई आणि इलॅस्टिकचा पायजमा

पट्टीबाई हे नाव त्यांना प्रयोगशाळेनं बहाल केलं होतं. खरी पदवी अजून मार्गदर्शक सरांच्या मर्जीत अडकली होती, म्हणून बाईंनी तूर्तास हीच गोड मानून घेतली. संसार मार्गी लावून चाळिशीत पीएच.डी.ला बसलेली ही बाई पेशी वाढवायची, त्यांचा रस काढायची, त्यातली प्रथिनं जेलच्या लिबलिबीत वडीतून पळवायची आणि पातळ पडद्यावर उतरवायची. पडद्यावर काळ्या पट्ट्या उमटत. पट्टी जाड, तर प्रथिन जास्त.

पण जेलच्या प्रत्येक खणात रस सारखाच पडला, याची ग्वाही कोण देणार? त्यासाठी एक साक्षीदार लागतो; सगळ्या पेशींत सारखं असणारं एखादं प्रथिन. सरांकडे हा मान अ‍ॅक्टिनचा. सरांच्या गुरूंनी तेच वापरलं, सरांनीही तेच. "आपल्या घराण्यात दुसरं चालत नाही," असं सर एखादं स्थळ नाकारावं तशा आवाजात सांगत.

बाईंच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण एवढंच म्हणत होतं, की पेशी वाढू लागल्या की बाईंचं लाडकं, म्हणजे अभ्यासाचं, प्रथिनही वाढतं. डोळ्यांना ते दिसतही होतं. पण अ‍ॅक्टिनशी तुलना केली की सगळी वाढ गायब!

"पुढच्या बैठकीपर्यंत वाढ दाखवा, नाहीतर प्रकरण गाळा," सर म्हणाले.

"सर, ते गाळलं तर प्रबंधात उरतं काय?"

"आभार."

बाई घरी आल्या त्या तोंड पाडूनच. जेवायला बसल्या, तर समोर यजमान तिसऱ्यांदा वाढून घेत होते.

"अहो, पोटाकडे बघा जरा. किती सुटलंय!"

"काहीतरीच! लग्नाच्या वर्षी घेतलेला पायजमा अजून बसतो मला. मग मी वाढलो कुठे?"

"त्याला इलॅस्टिक आहे हो! तुमच्याबरोबर तोही ताणला जातो, तो काय कप्पाळ साक्ष देणार?"

एवढं बोलल्या आणि बाईंचा घास हातातच राहिला.

"काय झालं?" यजमान घाबरले.

"अ‍ॅक्टिन!"

"आम्ही त्याला पायजमाच म्हणतो."

अ‍ॅक्टिन म्हणजे पेशीचा सांगाडा. पेशी वाढायला लागली की ती सांगाडाही जास्त बांधणार! वाढणाऱ्याला वाढणाऱ्यानंच मोजलं, तर वाढ दिसणार कशी?

आता गंमत अशी, की प्रथिनं पडद्यावर नीट उतरली का हे बघायला बाई दर वेळी पडद्याला एक लाल रंग लावत. त्यात खणातली झाडून सगळी प्रथिनं दिसतात. एक नजर टाकायची आणि रंग धुऊन टाकायचा, ही रीत. म्हणजे खरा साक्षीदार रोज हजर व्हायचा आणि बाई त्याला मोरीचा रस्ता दाखवायच्या!

या वेळी त्यांनी धुण्याआधी फोटो काढला. लाली सगळ्या खणांत सारखी; अ‍ॅक्टिनची पट्टी मात्र वाढत्या पेशींत चांगली बाळसं धरलेली. लालीशी तुलना करताच लाडकं प्रथिन दुपटीनं वर! पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तरी तेच.

सरांनी फोटो उजेडात धरले. "म्हणजे आमचे गुरू चुकले?"

"छे हो सर! त्यांच्या पेशी शांत बसलेल्या होत्या. आपल्या वाढताहेत."

गुरूंची अब्रू शाबूत राहिल्यावर सरांचा चेहरा सैल झाला. "ठीक. वाढत्या पेशींना लाल रंग. प्रकरण राहू दे."

मग त्यांनी आभाराचं पान उघडलं आणि पेन थबकलं.

"हे काय? 'यजमानांच्या पायजम्याचे ऋण'? काढा हे. याला पुरावा काय?"

"तोंडी परीक्षेला घालूनच आणते त्यांना, सर."