मूल हसलं की ॲप नापास

चिनाम्वालीच्या बाजारात माझी टपरी आहे. लोक फोनची कार्डं घेऊन येतात, मी त्यात गाणी, सिनेमे, काय मागतील ते भरून देते. प्रत्येकाने स्वतःच इंटरनेट विकत घेऊन उतरवायचं म्हटलं तर घरात मक्याच्या पिठाची न्सिमा शिजायची नाही, म्हणून माझं पोट चालतं. पण मुलांच्या अभ्यासाचं ॲप भरायचं असलं की माझं मत कुणी विचारत नसे. तिथे अगोगो कालिवोंचा शिक्का लागे.

अगोगो म्हणजे आजोबा. सगळा बाजार त्यांना तेच म्हणायचा. शाळातपासनिसाच्या कचेरीत ते तीस वर्षं कारकून होते. तपासनीस काही झाले नाहीत, ती हौस निवृत्तीनंतर भागवली. तारखेचा रबरी शिक्का करवून घेतला, त्यावर 'तपासले, योग्य'. आणि आमची माणसं अशी, की जांभळा शिक्का दिसला की अक्कल गहाण टाकतात. चर्चच्या पावतीपासून कोंबडीच्या टोचणीच्या कागदापर्यंत, शिक्का नसेल तर खोटं. आया चिठ्ठीवर ॲपचं नाव लिहून न्यायच्या, अगोगो शिक्का उमटवायचे आणि ती चिठ्ठी माझ्याकडे यायची. काही जणी तर नंतर ती फोनच्या पाठीवर चिकटवून मिरवायच्या.

तपासणी बघण्यासारखी असे. समोर एखादं पोर बसवायचं, ॲप लावायचं आणि फोनकडे नाही, पोराच्या तोंडाकडे बघायचं. पोर हसलं की ॲप नापास. मी एकदा विचारलं, थोडं हसलं तर काय बिघडलं? तर म्हणाले, "अमाई, मी तीस वर्षं शाळांचे कागद पाहिले. हसून पास झालेलं एक पोर दाखवा." आता कागदात पोरं हसतात का? पण बोलणार कोण?

बावोचा खेळ त्यांनी असाच बाद केला. आंब्याखाली बसलेले रिकामटेकडे बिया सरकवतात तोच खेळ, म्हणे मुलांना जुगाराची गोडी लागेल. चिचेवातल्या गोष्टींचं ॲपही गेलं. घरची भाषा घरात फुकट मिळते, ती फोनमध्ये कशाला? पास कोण झालं, तर चष्मा घातलेला एक पोपट. नाकातून इंग्रजी बोलायचा, प्रश्न विचारायचा, बरोबर उत्तर दाबलं की तारा द्यायचा. त्या पोपटासमोर पोरं इतकी गंभीर बसायची की अगोगोंनी त्याला दोनदा शिक्का मारला. एकेका आईला पोराचे तारे सांगताना ऐकलं असतंत तर वाटलं असतं, पोर डॉक्टर होऊन परत आलंय.

त्यांची नात तलांदिरा. तिची आई एनिफा परदेशात, जोनी शहरात लोकांची पोरं सांभाळायला गेलेली, आजी वारलेली. घरात हा म्हातारा आणि ही दहा वर्षांची पोरगी. गेल्या वर्षी ती चौथीत नापास झाली, कारण एकच, वाचता येईना. तेव्हा एनिफाने जोनीहून फोन पाठवला आणि बापाला बजावलं, "हिला शिकवा. यंदाही नापास झाली तर ताईकडे ब्लांटायरला पाठवीन." अगोगोंनी शब्द दिला. तो दिल्यापासून त्यांना झोप नव्हती, हे मला ठाऊक आहे. त्या पोरीवाचून त्यांना घरात दुसरं होतं कोण?

म्हणून तर पोपट. रोज शाळेतून आली की पोपट. पंधरवड्याने ते माझ्या टपरीवर येऊन तारे मोजून दाखवायचे. हजार झाले, दोन हजार झाले. एकदा ते तळलेले मंदासी आणायला पलीकडे गेले, तेवढ्यात मी तिला सशाची एक गोष्ट लावून दिली, तीच ती बाद झालेली. पोरगी खदाखदा हसली, पुन्हा लाव म्हणाली. तिसऱ्या वेळेला ओळीवर बोट ठेवून गोष्ट सांगणाऱ्या बाईच्या आवाजाबरोबर पुटपुटायला लागली. अगोगो परत येताना दिसले आणि मी फोन बंद केला. मेली जीभ माझी तेव्हा टाळूला चिकटली. त्यांच्या चिठ्ठ्यांवर माझं गिऱ्हाईक होतं ना. त्याची लाज मला अजून वाटते.

जुलैत शाळेचा शेवटचा दिवस आला. आमच्याकडे निकाल कागदावर गुपचूप हातात देत नाहीत. सगळा गाव मैदानात बसतो, हेडबाई नंबराने नावं वाचतात. ज्याचं नाव निघालं त्याची आई कमरेला गुंडाळायचं चितेंजे जमिनीवर अंथरते आणि पोर त्यावरून चालत येतं. ज्याचं नाव निघत नाही ते जिथे उभं असतं तिथेच राहतं, सगळ्यांच्या देखत. चौथीची नावं संपली. तलांदिरा तिथेच.

अगोगो उठले. पुढे जाऊन त्यांनी फोन हेडबाई न्याम्बालोंच्या नाकासमोर धरला. चार हजार तीनशे तारे आहेत, म्हणाले, कुठेतरी चूक झाली असेल, कागद पुन्हा तपासा. बाई भांडल्या नाहीत. दुसरीचं पुस्तक उघडून त्यांनी पोरीच्या हातात दिलं आणि पहिली ओळ वाच म्हणाल्या.

पोरीने पानाकडे पाहिलं. पाहतच राहिली.

"वाच ना गं," अगोगो म्हणाले.

"थांबा ना, अगोगो. अजून उजळलं नाही."

"काय उजळायचंय?"

"बरोबरचं. पोपट विचारतो ना, तेव्हा आपण काही दाबायचं नाही. वीसपर्यंत मोजायचं. मग बरोबरचं आपोआप उजळतं. ते दाबायचं."

मैदान हसलं. पोट धरधरून हसलं. तेवढ्यात चितेंजेवर उभी असलेली एक पोरगी म्हणाली की वीस कशाला, दहातच उजळतं, आणि मागून तीनचार पोरं होहो करत मान हलवायला लागली. त्यांच्या आयांचं हसू जागच्या जागी वाळलं. एकीने फोनच्या पाठीवरची चिठ्ठी अंगठ्याने झाकली, मी पाहिलं.

अगोगोंना त्या पळवाटेने निसटता आलं असतं. सगळ्यांचीच पोरं तशी निघाली, ॲपच लबाड, असं म्हणून चाललं असतं. ते कुंपणापाशी गेले, पोरगी मागोमाग, पोरीमागे मी. तिथून त्यांनी जोनीला फोन लावला.

"नापास झाली," ते म्हणाले. "तिचा दोष नाही. वर्षभर मी तिचं तोंड बघत बसलो, वाचताना एकदाही ऐकलं नाही. शब्द दिला होता. घेऊन जा."

तलांदिराने त्यांच्या कोटाचा खिसा धरला. "मला नाही जायचं, अगोगो. तुम्ही सांगा ना आईला."

त्यांनी सांगितलं नाही. पलीकडे एनिफा रडत होती की काय कळेना, पण आवाज आला तो स्वच्छ आला.

"शनिवारी ताई येईल, बाबा. तिचे कपडे धुऊन ठेवा."