न जोडलेली भोकं

बहात्तरच्या दुष्काळानंतर सांगलीच्या एका सरकारी कचेरीत मला नोकरी लागली. विहिरींसाठी जागा दाखवायच्या, एवढंच काम. वय तेवीस, हातात हातोडा आणि डोक्यात हवा. तळहातावर नारळ धरून रानात फिरणारा पाणाड्या दिसला की मला हसू यायचं. मला दगड वाचता येतो, असं मी भेटेल त्याला ऐकवत असे.

आटपाडीच्या पलीकडे एका मेंढपाळाच्या माळावर मी अशीच एक जागा दाखवली. ओढ्याच्या कडेला मांजऱ्या उघडा पडला होता. मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा दगड. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकतात, त्यांची ती भोकं. एक तुकडा मी त्याच्या हातात दिला. "बघा, नुसती जाळी आहे. पाणी लागणारच. यंदा मेंढ्या घेऊन कुठं जाऊ नका."

दिवाळी झाली की तो दरवर्षी कळप घेऊन कृष्णाकाठी जायचा. कुंडलच्या बाजूला उसाच्या मोकळ्या वावरात मेंढ्या बसवायच्या आणि मग घाट उतरून कोकण गाठायचं. माळावर तेव्हा चारा थोडाफार असे, पाणी मात्र नसे. माझ्या शब्दावर तो त्या वर्षी थांबला. नवराबायको आणि दोन खणणारे, असं काम सुरू झालं.

दुसऱ्या आठवड्यात विहिरीतला एक तुकडा मी पिशवीत घालून खोलीवर आणला. बादलीत बुडवला, खिडकीत ठेवला. हे खरं तर जागा दाखवण्याआधीच करायला हवं होतं. दगडात केसाएवढी जरी चीर असली तरी तिच्यात पाणी दडतं. बाकीचा दगड वाळला तरी तेवढी रेघ ओली राहते. पाण्याची वाट तीच. चिरांनी जोडलेली नसली तर भोकं काय कामाची? माझा तुकडा बघता बघता सगळा वाळला. एकही रेघ नाही. निम्मी भोकं तर पांढऱ्या खनिजानं बुजलेली. मी तो तीनदा भिजवला, तीनदा तेच.

तिथून पुढं मला चैन पडेना. दर मंगळवारी एसटीत बसायचो, वाटभर वाक्यं जुळवायचो: माझा अंदाज चुकला, काम थांबवा, तुम्ही निघा. उतरलो की तो शेळीच्या दुधाचा चहा पुढं करायचा आणि मेंढ्यांचं काहीबाही बोलायचा. विहिरीबद्दल एक अक्षर नाही. मी काठावर येरझाऱ्या घालायचो, खाली डोकावायचो, उगाच हातोड्यानं दगड ठोकायचो. हा विचारत नाही म्हणजे याला घाई नाही, अशी मी मनाची समजूत काढायचो. विचारलं की सांगू. शिवाय खाली एखादी चीर लागेलही. भित्रा होतो, दुसरं काय!

शेजारपाजारचे कळप एकेक करून वाटेला लागले. विहीर पाच परस, म्हणजे पाच माणसांच्या उंचीएवढी खोल गेली, तळाला धूळ उडत होती. ओढ्यातला शेवटचा डोहही आटला.

सहाव्या मंगळवारी एसटीतून उतरलो आणि चहाला हात लावायच्या आधीच बोलून टाकलं. "इथं पाणी लागणार नाही. मला महिन्याभरापासून माहीत आहे."

त्यानं हातातली पितळी खाली ठेवली. "म्हैनाभर?"

"तुम्ही विचारलं नाही कधी."

"आवं, खणत्या हिरीचं पाणी इचारत न्हाईत आमच्यात. हीर रुसती. ज्यानं जागा दावली त्यानंच सांगायचं असतंय. तुमी दर मंगळवारी येताय, ठोकून बगताय, गप जाताय. मी म्हनलं, सायेब गप हाय म्हंजी पानी हाय."

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो उठला आणि वाघूर उपटायला लागला. मेंढ्या कोंडायची ती जाळी गुंडाळून घोड्यावर चढली. इतक्या उशिरा निघून कृष्णाकाठची वावरं मिळणार नव्हती, ती कधीच दुसऱ्या कळपांनी धरली होती. त्यातून निम्म्या मेंढ्या गाभण. त्या वाटेतच विणार, हे मलासुद्धा कळत होतं.

बायकोनं खोपटातून एक दिवसाचं कोकरू आणलं. "धरा वाईच," म्हणाली आणि चूल मोडून भांडी बांधू लागली. मी ते छातीशी धरून उभा राहिलो. ते भुकेनं माझी बोटं चोखत होतं. त्याची आई विऊन मेली होती.

सगळं बांधून झाल्यावर ती आली, कोकरू घेतलं, पदराखाली घातलं. त्या दिवसाआधी ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

"तुमाला दगूड वाचाय येतो म्हनं," ती म्हणाली. "मानसाला सांगाय येत न्हाई व्हय?"

कळप ओढा ओलांडून गेला होता आणि तीही त्याच्यामागं चालू लागली.