सुई थांबेपर्यंत

दयारामभाऊ खटका फिरवत आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. मीटरची सुई डुलत डुलत थांबेपर्यंत कोणी कितीही ओरडो, आकडा सांगत नसत. "सुईले मागची जागा विसरू द्या," म्हणत.

लढाईच्या दिवसांत गोंदियाच्या एका काच कारखान्यात मी कंदिलाच्या काचा भाताच्या तणसात बांधत असे. चौथी शिकलेली म्हणून दयारामभाऊ मिस्त्रींनी मला आकडे लिहायला घेतले. काचा ज्या लांब भट्टीत हळूहळू निवत, तिच्यात चार ठिकाणी तारा घातलेल्या होत्या. त्या सगळ्या एका पत्र्याच्या पेटीत येत. मीटर एकच, खटका फिरवला की एकेका तारेची गरमी दिसे. पाचव्या जागेवर भाऊंनी सुटी तार ठेवली होती. ती उकळत्या पाण्यात बुडवायची. सुई लाल रेघेवर आली, तर मीटर ठीक.

नव्या मॅनेजरबाबूंनी तार वाचवायला पेटी भट्टीच्याच भिंतीला ठोकली. तेव्हापासून दुपारच्या काचा वाकड्या निघू लागल्या. मीटर गरमी कमी दाखवी, बाबू आग वाढवायला लावत, आणि दोष मात्र आगवाल्या बुधाचा. बुधा जंगलाकडचा, बोलायला कमी.

"ये सोता है. कल से मत आना," बाबू त्याला म्हणाले.

भाऊंनी पेटीला हाताची मागची बाजू लावली, लेकराचा ताप पाहावा तशी.

"बुधा नाही झोपला, बाबूजी. पेटीले ताप आला. मीटर तारेच्या दोन टोकांतल्या गरमीचा फरक सांगते. इकडचं, पेटीतलं टोकच तापलं, तर फरक कमीच दिसन ना."

"पेटीले काढा पाजा!" काचा बांधणारी एक बाई हसली.

"तू अपने दोस्त को बचाता है," बाबू भाऊंना म्हणाले.

"मग मी नाही पाहत. हे बाई पाहील."

सगळे माझ्याकडे वळले. मी मीटरपुढे सरकले. शेगडीवर पाणी खदखदत होतं. भाऊंनी तार बुडवली, खटका पाचावर नेला.

"जल्दी बोल!" बाबू ओरडले.

मी सुई थांबू दिली. "रेघेच्या खाली," कसंबसं म्हणाले.

भाऊ पेटीवर ओली फडकी ठेवत गेले. एक तापलं की दुसरं. पाणी तेच, तसंच उकळत होतं. सुई चढत चढत रेघेला टेकली.

"रेघेवर!" या खेपेला माझा आवाज फाटकापर्यंत गेला असावा.

बुधा राहिला. पेटी लांबच्या खांबावर गेली. पण आठवड्याभरात भाऊंना काढलं. बहुत बोलता है, एवढंच कारण. जाताना मान खाली नव्हती. मला म्हणाले, "मीटर लबाड नसते बाई. त्याले कुठं उभं करून विचारलं, ते पाहजो."

दुसऱ्या दिवशी खटका माझ्या हाती होता. बाबू मागे येऊन उभे राहिले.

"कितना? अरे, कितना?"

मी हात पाठीमागे बांधले.

"थांबा, बाबूजी. सुई अजून चालून राहिली."

आणि बाबू थांबले.