फाटक्या कोपऱ्याचं पाकीट

बदरुद्दीन परकारला पोस्टातून काढलं. आठवडा झाला, माझा राग उतरत नाही.

दुबईपासून लाँचनं दिवसभराच्या अंतरावरच्या या वस्तीत गेल्या वर्षी, १९६३ साली, इंग्रजांनी पोस्ट उघडलं. त्यांनी एक साहेब, एक शिक्का आणि एक कुलूप पाठवलं. बाकी सगळं बदरुद्दीननं केलं. खजुरीच्या झापांच्या खोलीत चहाच्या खोक्यांचे खण ठोकले. लाँचमधून टपालाची थैली डोक्यावर घेऊन तो कमरेएवढ्या पाण्यातून यायचा. मी शेजारच्या कंपनीत टायपिस्ट, वस्तीतला एकटाच बीए झालेला. मला म्हणायचा, "बीए, तुझ्या कविता भिजल्या तरी चालतील. थैली भिजता नये."

साहेबाचा नियम होता: फाटलेलं पाकीट कुणाला द्यायचं नाही. ते दुबईला परत जाईल, चौकशी होईल.

आमच्या कोकणात मौतीची खबर असलेल्या पत्राचा कोपरा फाडतात. घेणाऱ्यानं उघडण्याआधी खाली बसावं म्हणून.

गेल्या आठवड्यात याकूब गवंड्याच्या नावाचं असं पाकीट आलं. त्याची आई मैमुनाबी आजारी होती. तो रोज खिडकीशी येऊन विचारायचा. बदरुद्दीननं मला दुभाष्या म्हणून बोलावलं. मी साहेबाला कोपऱ्याचा अर्थ सांगितला.

साहेब हसला. "मग तुमच्या लोकांना शिकवा, सरकारी टपाल फाडायचं नसतं. परत पाठवा."

"म्हणजे हा महिनाभर आईच्या तब्येतीची दुआ मागत बसणार?" बदरुद्दीन मराठीत म्हणाला. त्यानं याकूबला आत बोलावलं, खोक्यावर बसवलं आणि पाकीट हातात दिलं.

संध्याकाळी साहेबानं दुबईला दाखवायचा कागद पुढे केला. 'पाकीट मी फाडलं. पुन्हा असं करणार नाही.' सही केली तर नोकरी राहील.

"कर ना," मी म्हणालो. "दोनच तर ओळी आहेत."

"कोपरा त्याच्या मामूनं फाडला, बीए. बहिणीला दफन करून आल्यावर. तो मी माझा गुन्हा म्हणून लिहू?"

"काय म्हणतो?" साहेबानं विचारलं.

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं.

"हट्टी लोक," साहेब म्हणाला. "चावी ठेव म्हणावं."

बदरुद्दीननं चावी टेबलावर ठेवली. ज्यानं ते टेबल ठोकलं, त्याला साहेबानं बस असंही म्हटलं नाही.

बाहेर याकूब उभा होता. डोळे सुजलेले. "बदरूभाय, माझ्यापायी..."

"तुझ्यापायी काय रे? जेवलास काय?"

याकूबनं नकारार्थी मान हलवली. बदरुद्दीननं त्याला पोस्टाच्या पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी बसला आणि मैमुनाबीसाठी फातिहा पढायला लागला. वस्तीतले कोकणी एकेक करून येऊन बसले.

आतून साहेब ओरडला, काम चाललंय, आवाज नको. मग त्यानं दार लावून घेतलं.