फोर्टनाइट म्हणजे काय?

कपाट आवरताना माझ्या पहिल्या नोकरीचं पत्र सापडलं. जुन्या कागदाचा वास नाकात गेला आणि मी उत्तनच्या आमच्या अंगणात पोचले, जिथे वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील सुकत होते.

साल अडुसष्ट. टायपिंग शिकून मी अर्ज केला होता. इंग्रजीत उत्तर आलं, ‘फोर्टनाइट’च्या आत हजर व्हा. ऑफिस मुंबईत फोर्टलाच होतं, म्हणून मी बाबांना अर्थ सांगितला, “रात्री फोर्टला बोलावलंय.”

विणत असलेलं जाळं त्यांनी खाली टाकलं. “रातची नोकरी? न्हाय! माझी पोर न्हाय जानार.”

दोन दिवस मी रडले. शेवटी आई मला शाळेतल्या फिलोमिनाबाईंकडे घेऊन गेली. पत्र वाचून बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा पुसावा लागला.

“अगं वेडे, हा जुना इंग्रजी शब्द आहे. फोर्टनाइट म्हणजे पंधरवडा! पंधरा दिवसांत कधीही जा, आणि दिवसाच जा.”

आम्ही मायलेकी घरापर्यंत हसत आलो. बाबांचा तो नकार म्हणजे नुसती काळजी होती, हे आज कळतं. तेव्हा मात्र खरा अर्थ ऐकून त्यांचा खुललेला चेहरा बघून मी चकितच झाले.

“पंधरा दिस कशाला थांबतेस?” ते म्हणाले. “उद्याच जा!”