शिफ्ट मी धरणार नाही

माझा कीबोर्ड चपलांच्या रॅकमध्ये असायचा. सगळ्यांत खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सकाळी नगरला सरांच्या संगीतवर्गात कामाला पोचलो की चपला काढायच्या, कीबोर्ड उचलायचा, कॉम्प्युटरला लावलेली सरांच्या कीबोर्डची वायर काढून माझी लावायची. वायरला हात लावलेला चालायचा. बटणांना नाही. संध्याकाळी परत रॅक.

एकदा एका नव्या बँडशिक्षकाने तो चुकून टेबलावर ठेवला. वेगवेगळ्या शाळांचे सात-आठ शिक्षक समोर बसले होते. सर हसून म्हणाले, “अहो, तो त्यांचा आहे. त्यांचा खाली असतो.”

सगळे हसले. मीही हसलो. हसण्याची स्पर्धा असती तर पहिला नंबर माझाच असता.

दोन वर्षं हे चाललं. मी डोक्यात एक वकील नेमला होता. तो रोज सरांची बाजू मांडायचा. स्वच्छता असते. मोठ्या ऑफिसात प्रत्येकाचा वेगळा असतो. सर तुला अहो-जाहो करतात, आणखी काय पाहिजे? फार हुशार वकील. फी घ्यायचा नाही.

आम्ही काष्टीजवळचे. आजोबा बौद्ध झाले, घराने नवी वाट धरली. गावाने मात्र आम्हाला जुन्याच जागी धरून ठेवलं. वडिलांची बँडपार्टी होती. मी क्लॅरिनेट वाजवायचो. मोटरसायकलवरून पडलो, पुढचे दोन दात गेले आणि तोंडातून सूर निघण्याऐवजी वारा निघायला लागला. मग मी सूर लिहायला शिकलो, कॉम्प्युटरवर.

नुसते सूर लिहिले की बँड वाजतो, पण बोलत नाही. त्याला खुणा लागतात. सुराच्या डोक्यावर टिंब म्हणजे सूर चटकन तोडायचा. टोकदार खूण म्हणजे सुरावर ठोसा. माऊसने एकेक खूण शोधत बसलं तर दिवस मावळतो. मी सूर निवडायचो. शिफ्ट आणि एस, टिंब हजर. शिफ्ट आणि व्ही, ठोसा हजर. तेच पुन्हा दाबलं की खूण गायब. जादूचा खेळच. शिक्षक चहाचे कप धरून माझ्या मागे उभे राहायचे. सर कधी शिकले नाहीत. म्हणायचे, “ते हातकाम आहे, ते यांनी करावं.”

सर शाळांच्या बँडसाठी पुस्तक काढत होते. त्यांना आपल्या भागातली वरातीची एक धून हवी होती. मी वडिलांची दिली. वर त्यांचं नाव घालायचं, एवढंच मागितलं. सर म्हणाले, “बघू.”

या धुनेची गोष्ट अशी. आमच्या गावात वरात मोठ्या घरासमोर आली की बँडने दबायचं, असा रिवाज होता. पूर्ण बंद करावं तर नवरदेवाकडचे चिडणार, जोरात वाजवावं तर त्या घरातले मारायला उतरणार. वडिलांनी मधली वाट काढली. त्या घराच्या भिंतीलगत चौदा सूर तोडून तोडून वाजवायचे, चवड्यांवर चालल्यासारखे. भिंत संपली की पंधराव्या सुरावर असा ठोसा, की घोडी बिचकायची. वडील आता ऐंशीचे आहेत. खाटेवर बसून त्यांनी ती मला गुणगुणून दाखवली. मी लिहून घेतली. ते म्हणाले, “गोड करू नको. तिथं आमी दबकत हुतो. त्ये दिसू दे.”

चौदा टिंबं. एक ठोसा.

सरांनी कॉम्प्युटरवर धून ऐकली. उठले, दार लावून घेतलं. आत दोन शिक्षक होते. दुपारची वेळ, लाईट गेलेली, यूपीएस मिनिटामिनिटाला टीक करत होता. सर कधी आवाज चढवत नाहीत. चिडले की त्यांचा आवाज मऊ होतो, म्हणून मला भीती वाटते ती मऊ आवाजाची.

“टिंबं काढा. तो धक्काही काढा. मुलांनी वाजवायचंय, गोड पाहिजे. आणि नावाचं राहू द्या. लोकधून म्हणू.”

मी म्हणालो, “सर, टिंबं काढली तर ती धून राहत नाही.”

सर माझ्या खुर्चीमागे आले. “तुमच्या मुलीच्या शाळेचे चेअरमन उद्या आमच्याकडे जेवायला आहेत. तिची नोकरी कायम व्हायची राहिलीय ना अजून?”

यूपीएस. टीक.

मी चौदाही सूर निवडले. हात आपोआप चालले. डावी करंगळी शिफ्टवर गेली. तिथेच थांबली. एसवर बोट जाईना.

सर म्हणाले, “राहू द्या, मी करतो.”

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. उलटी धरली. आणि खोडरबराच्या टोकाने माझ्या कीबोर्डवरचं एस दाबलं. मी त्याच क्षणी दचकून करंगळी उचलली होती. नुसतं एस पडलं. चौदा सुरांवर एक लांब कमान आली, सूर जोडून वाजवायची खूण. टिंबं जागच्या जागी.

एका पेन्सिलीने दोन बटणं दाबता येत नाहीत. सरांच्या ते लक्षात आलं. पेन्सिल तशीच एसवर धरून ते म्हणाले, “शिफ्ट लागतं ना? तुम्ही शिफ्ट धरा.”

मी त्या गुलाबी रबराकडे पाहिलं. डोक्यातला वकील उठला, फाईल मिटली, न बोलता घरी गेला. तो परत आलेला नाही.

दोन शिक्षक पाहत होते. एकाने नजर खाली घातली.

मी म्हणालो, “नाही धरणार.”

“काय म्हणालात?”

“शिफ्ट नाही धरणार. बोट लावा आणि काढा.”

सरांनी बोट लावलं नाही. बापाची धून खोडायची होती, पण माझ्याच बोटाने. मी कमान पुसली, पेनड्राईव्ह काढला, वायर काढली. धून त्या पेनड्राईव्हवरच होती. कीबोर्ड काखेत मारला. त्याचं वर्तमानपत्र मात्र रॅकमध्ये ठेवून आलो, आठवण म्हणून.

चौथ्या दिवशी मुलगी शाळेतून आली. म्हणाली, “पप्पा, सोमवारी अकराला ऑफिसात बोलावलंय. कशासाठी, ते सांगितलं नाही.”

मी तिला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “टिंबं काढली का?”

“नाही.”

“मग जाते मी सोमवारी.”

आज रविवार आहे. सोमवारी काय होईल ते मला ठाऊक आहे, तिलाही. धून छापून घेतली आहे. वर वडिलांचं नाव, खाली चौदा टिंबं आणि तो ठोसा. ज्या शाळेचा बँड मागेल त्याला देणार, आणि प्रत्येक पोराला ती भिंत कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते सांगणार. कीबोर्ड टेबलावर आहे. उघडा. ज्याला खुणा खोडायच्या आहेत त्याने यावं, माझ्यासमोर बसावं आणि स्वतःच्या दोन बोटांनी खोडाव्यात. शिफ्ट मी धरणार नाही.